दोन पानांचा निबंध

आमच्या असोद्याचा एक मुलगा रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करतो. त्याच्या बढतीच्या अर्जात रकानेच रकाने: शोधनिबंध किती, त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, ‘एच-इंडेक्स’ किती. आयुष्य बँकेत गेल्याने आकड्यांवर माझा राग नाही. पण खतावणी शिल्लक सांगते, पैसा कुणाच्या कामी आला ते सांगत नाही.

हा इंडेक्स २००५ साली हर्श या पदार्थवैज्ञानिकाने सुचवला. गंमत अशी, की ज्याच्या नावावर एकच निबंध, त्याचा इंडेक्स फार तर एक. मग हजारांनी त्याचा दाखला का दिलेला असेना! (आमच्या गावच्या लेकीचे, बहिणाबाईंचे काय झाले असते? निरक्षर बाई, आणि गाण्यांचे पुस्तक निघाले तेही १९५२ साली, त्या गेल्यावर.)

त्याच १९५२ साली मुंबईचे डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनचे चार सहकारी यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. ‘बॉम्बे’ रक्तगटाचा तो शोध. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटते. पण ‘ओ’ रक्त चढवले तर रुग्ण दगावू शकतो, कारण तांबड्या पेशींवरचा ‘एच’ हा घटकच त्याच्याकडे नसतो. ‘एफयूटी-१’ या जनुकातला बिघाड त्याच्या मुळाशी आहे, हे १९९४ साली उलगडले.

आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा. त्याला रक्त लागले, की नातेवाइकांचे फोन गावोगाव सुरू होतात.