माया लिपीतील अक्षरचिन्हांची रूपभिन्नता : ‘क’ या चिन्हाच्या संदर्भात

प्रस्तावना

आजच्या दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि पश्चिम होंडुरास या प्रदेशांत प्राचीन माया लोकांनी दगडावर, मृत्पात्रांवर व पोथ्यांत जी लिपी वापरली तिच्यात दोन प्रकारची चिन्हे आढळतात. एक, संपूर्ण शब्द दर्शविणारी शब्दचिन्हे. दुसरी, व्यंजन व स्वर मिळून होणारे एक अक्षर दर्शविणारी अक्षरचिन्हे. देवनागरीच्या वाचकास दुसरा प्रकार सहज समजण्यासारखा आहे. मात्र माया लिपीत एका अक्षरासाठी एकच चिन्ह असतेच असे नाही. ‘उ’ या अक्षराची तर दहापेक्षा अधिक रूपे नोंदली गेली आहेत. ही रूपभिन्नता लिपीच्या वाचनात दीर्घकाळ अडसर ठरली आणि पुढे तीच वाचनाचे साधन कशी बनली, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘क’ या अक्षराच्या आधारे केला आहे.

रूपभिन्नतेचे स्वरूप

देवनागरीतही ‘र’ची रूपे अनेक आहेत. रथ, धर्म, चक्र आणि राष्ट्र या शब्दांत तो निरनिराळा दिसतो. परंतु तेथे कोणते रूप यावे हे जोडाक्षरातील स्थानावरून ठरते. लेखकाला निवड नसते. माया लिपिकाराला ती होती. उपलब्ध जागा, मजकुराची शोभा आणि एकच आकृती पुन्हा पुन्हा न काढण्याची आवड यांनुसार तो रूप निवडी. काही रूपे भौमितिक आहेत, काहींत मनुष्याचे, देवतेचे वा प्राण्याचे मस्तक असते. किरिग्वा येथील ‘डी’ या स्तंभलेखात तर कालगणनेची चिन्हे पूर्णाकृती देहांच्या रूपात कोरली आहेत.

‘क’ची दोन रूपे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले फणीच्या दातांसारखे दिसते, दुसरे म्हणजे मासा. युकाटेक माया भाषेत माशाला ‘कय्’ म्हणतात. त्यातील आरंभीचे अक्षर ‘क’. फणीसारखी आकृती ही वस्तुतः माशाचा पर आहे. म्हणजेच येथे अवयवावरून संपूर्ण वस्तू सूचित केली आहे.

वर्गीकरणातील अडचण

स्पॅनिश धर्मोपदेशक दिएगो दे लांदा याने १५६२ मध्ये मानी येथे माया पोथ्या जाळविल्या. त्यानेच १५६६ च्या सुमारास आपल्या वृत्तांतात माया ‘वर्णमाला’ नोंदवून ठेवली. तिच्यात ‘का’ या उच्चारापुढे फणीसारखेच चिन्ह आहे. ही अक्षरांची वर्णमाला नसून उच्चारखंडांची यादी आहे, हे रशियन विद्वान युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. एरिक थॉम्पसन यांनी त्यास कडाडून विरोध केला.

थॉम्पसन यांची १९६२ मधील चिन्हसूची आजही संदर्भासाठी वापरली जाते. तिच्यात १ ते ३७० हे क्रमांक जोडून येणाऱ्या लहान चिन्हांना, तर ५०१ पासूनचे मुख्य चिन्हांना दिले आहेत. परिणामी ‘क’चे फणीरूप २५ व्या आणि मत्स्यरूप ७३८ व्या क्रमांकावर गेले. सूची आकारानुसार केलेली असल्याने हे स्वाभाविक होते. पण अशी प्रत्येक आकृती स्वतंत्र चिन्ह मानली की चिन्हांची संख्या आठशेच्या पुढे जाते आणि एवढी मोठी संख्या उच्चारदर्शक लिपीत बसत नाही असे वाटू लागते. रूपे एकत्र केल्यावर मात्र पाच स्वर व सुमारे वीस व्यंजने यांच्या कोष्टकात अक्षरचिन्हे बसू लागतात. लिपीचे स्वरूप कोणते, हा प्रश्नच अशा रीतीने ‘एक चिन्ह कशास म्हणावे’ या प्रश्नावर अवलंबून होता.

अदलाबदलीची कसोटी

दोन भिन्न आकृती एकच अक्षर आहेत हे कसे ठरवावे? एकच शब्द वा वाक्प्रयोग निरनिराळ्या ठिकाणी लिहिला असता एका चिन्हाच्या जागी दुसरे येते काय, हे पाहावे लागते. पालेंके येथे इ. स. ६१५ ते ६८३ या काळात राज्य करणाऱ्या पकल राजाचे नाव कधी ढालीच्या चित्राने लिहिलेले आढळते, कारण ‘पकल’ म्हणजे ढाल. कधी प-क-ल अशा तीन अक्षरांनी. यातील ‘क’ फणीरूपात असतो. अंत्य ‘ल’मधील स्वर उच्चारला जात नाही, मराठी वाचकास हे नवे नाही.

आता ‘ककव’, म्हणजे कोको, हा शब्द घ्यावा. पात्रांवर तो पुष्कळदा फणी, मासा व ‘व’ अशा क्रमाने लिहिलेला दिसतो. एकाच शब्दात ‘क’ दोनदा येतो, आणि लिपिकार दोन्ही रूपे शेजारी ठेवतो. ग्वाटेमालातील रिओ आझुल येथील एका थडग्यात १९८४ मध्ये सापडलेल्या झाकणाच्या पात्रावर डेव्हिड स्टुअर्ट यांनी हाच शब्द वाचला. पुढे रासायनिक तपासणीत त्या पात्रातील अवशेषांत थिओब्रोमिन व कॅफिन आढळले आणि १९९० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लिपीच्या वाचनास लिपीबाहेरचा असा पुरावा क्वचितच मिळतो. स्टुअर्ट यांनी १९८७ मध्ये दहा अक्षरांवरील आपल्या निबंधात अदलाबदलीची हीच पद्धत काटेकोरपणे वापरली.

मर्यादा

अदलाबदल हा अंतिम पुरावा नव्हे. दोन चिन्हे समानार्थी पण भिन्न शब्दही असू शकतात. ढालीचे चित्र व प-क-ल यांत उच्चार एक असला तरी चिन्हांचा प्रकार वेगळा आहे. उलटपक्षी एकाच आकृतीचे अनेक उच्चार संभवतात. सूचीतील ५२८ क्रमांकाचे चिन्ह ‘कु’ हे अक्षर आहे, ‘तून’ म्हणजे दगड हा शब्दही आहे आणि एका दिवसाचे नावही आहे. म्हणून एकाच लेखातील उदाहरण पुरेसे नसते. भिन्न स्थळांच्या, भिन्न शब्दांतील प्रयोगांनी ते वाचन टिकले पाहिजे.

निष्कर्ष

चिन्हाची ओळख त्याच्या आकारावरून नव्हे, तर प्रयोगावरून ठरते, हे ‘क’च्या उदाहरणातून स्पष्ट होते. सूचीत सातशेहून अधिक क्रमांकांचे अंतर असलेल्या दोन आकृती माया लिपिकाराच्या दृष्टीने एकच अक्षर होत्या. ज्या चिन्हांचे वाचन अद्याप झालेले नाही, त्यांपैकी काही ज्ञात अक्षरांचीच अपरिचित रूपे असण्याची शक्यता अभ्यासकाने प्रथम तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.