मला जेसीबी व्हायचंय

“मोठेपणी कोण होणार?” या पाहुण्यांच्या ठरलेल्या प्रश्नाला तीन-चार वर्षांचं एखादं मूल गंभीरपणे सांगतं, “जेसीबी.” जेसीबी चालवणारा नव्हे, साक्षात जेसीबी. कुणाला वाघ व्हायचं असतं, कुणाला पाऊस. मोठी माणसं हसतात आणि तेवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते तो तिथेच सुरू व्हायला हवा, कारण ते मूल गंमत करत नसतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ऱ्हेटा डीव्ह्रीज यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेनार्ड नावाचं एक गरीब स्वभावाचं मांजर होतं. तीन ते सहा वर्षांची मुलं आधी त्याला गोंजारत. मग त्याचं तोंड आडोशाआड जाई. शेपटीकडचा भाग मात्र मुलांच्या डोळ्यांसमोरच राही. पलीकडे त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला जाई. मांजर जागचं हललेलं नाही, हे मुलं बघत होती. तरीही तिशी-चाळिशीतल्या आपल्याला अशक्य वाटेल असं काही घडे: तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या लेखी मेनार्ड आता कुत्रा झालेला असे, अगदी आतल्या हाडांसकट! सहा वर्षांची मुलं मात्र ठाम होती, मुखवट्याने मांजराचं कुत्रं होत नाही.

म्हणजे ‘मांजर ते मांजरच’ हेही आपण सगळे कधीतरी शिकलो आहोत. आणि लहानग्यांची बाजूही लंगडी नाही. सुरवंटाला पंख फुटतात, पाण्यातल्या शेपटीवाल्या जिवाचा बेडूक होतो. मग मुलाचा जेसीबी का होऊ नये?

पण जेसीबीच का? लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तीन ते पाच या वयात मुलं जगाची विभागणी लहान-मोठं, दुबळं-बलवान अशी करू लागतात. कमरेएवढ्या उंचीवरून बघणाऱ्याला रस्ता उकरणारं ते पिवळं धूड किती थोर वाटत असेल!

पुढे भिंत उभी राहते, मूल मूलच राहणार हे कळतं. तरी सोंगाची ताकद ओसरत नाही. रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम करायचं होतं. हवं तेव्हा ते सोडून टॅबलेटवर खेळायची मुभा होती. काहींनी स्वतःला विचारायचं, “मी मेहनत करतोय का?” काहींनी आपलं नाव घेऊन तेच विचारायचं. काही मुलं बॅटमॅनसारखं आवडतं पात्र झाली होती, त्यांचा प्रश्न होता, “बॅटमॅन मेहनत करतोय का?” कामाला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली ती हीच मुलं.