गुरुवारची एस.टी.

नोकरी संपली म्हणजे माणूस निवृत्त होतो. ऑफिसात त्याला हार घालतात, शाल देतात, हातात नारळ ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून तो घरी. पण घरची बाई कधी निवृत्त होते? तिला कोणी नारळ देत नाही. काल तिने दोन वेळचा स्वयंपाक केला, आजही करते. उलट नवरा घरी बसला की तिचे काम वाढते. दहा वाजता एक चहा, अकराला दुसरा, आणि वर 'अगं, माझा चष्मा कुठाय?' हे आहेच.

साताऱ्याला लोक पेन्शनरांचे गाव म्हणतात. हवा बरी, खर्च बेताचा, म्हणून नोकरी संपल्यावर पुष्कळ लोक इथे येऊन राहतात. अशाच एका जोडप्याची हकिकत आम्ही इथे सांगणार आहोत. गल्लीतले लोक त्यांना आबा आणि आक्का म्हणतात. आपणही तसेच म्हणू. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या काठाने चालण्यात त्यांचा जन्म गेला. आक्का त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. त्या आमच्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात येत. वर्गात आल्या तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती.

आबांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली, आणि त्यांचे एस.टी.चे तिकीट माफ झाले. आधी ते काय आहे, हे समजून घेऊ या.

पहिली एस.टी. 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. म्हणजे एस.टी. आणि आबा जवळजवळ एकाच वयाचे. ऑगस्ट 2022 मध्ये राज्य सरकारने पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या लोकांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. पासष्ट ते पंच्याहत्तर या वयातल्यांना अर्धे तिकीट. पुढे मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना, वय काहीही असो, अर्धे तिकीट लागू झाले. ही सवलत राज्याच्या हद्दीत आहे. शहरात फिरणाऱ्या सिटी बसला ती नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. आबांचा प्रवास फुकट असला तरी कंडक्टर त्यांच्या हाती शून्य रुपयाचे तिकीट देतो. ते टाकून द्यायचे नाही. तपासनीस आला तर तेच दाखवायचे. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्याआधी आगारात एकदा विचारून घ्यावे.

हिशेब करा. आबांचे काही नाही, आक्कांचे अर्धे. म्हणजे एका माणसाच्या अर्ध्या तिकिटात दोघांचा प्रवास! आबांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "आता दर गुरुवारी कुठंतरी जायचं." आक्का म्हणाल्या, "आणि भाकरी कोण करणार?"

प्रश्न अगदी खरा होता. बाईने पहाटे चारला उठून शिदोरी करायची, दिवसभर पिशवी सांभाळायची, आणि रात्री परत येऊन पुन्हा भाकऱ्या थापायच्या, तर ती सहल पुरुषाची. बाईला तो जादा कामाचा दिवस. म्हणून त्यांनी ठरवले, की गुरुवारी सकाळी चूल पेटवायची नाही. बुधवारी रात्रीच चार भाकऱ्या जास्त करायच्या. बरोबर ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. पिशवी आबांनी घ्यायची. कुठे जायचे ते एका गुरुवारी आबांनी सांगायचे, पुढच्या गुरुवारी आक्कांनी. आम्हाला यातली ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाळीस वर्षांच्या संसारात 'तुला कुठे जायचंय?' असे आक्कांना कोणी विचारले नव्हते. पहिल्या वेळी त्यांना उत्तरच सुचेना. माहेर सोडून दुसरे नावच तोंडी येईना.

साताऱ्याच्या आसपास जायला जागा थोड्या नाहीत. पाच-सहा किलोमीटरवर संगम माहुली आहे. तिथे कृष्णा आणि वेण्णा या नद्या मिळतात. काठावर जुनी दगडी देवळे आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही तिथे दाखवतात. पेशव्यांना खडे बोल सुनावणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. सज्जनगडावर गाडीरस्ता बराच वर जातो. उरलेल्या पायऱ्या या दोघांनी तीन ठिकाणी बसून चढल्या. कासच्या पठारावर मात्र फुलांच्या दिवसांत रविवारी जाऊ नये. फुलांपेक्षा माणसेच जास्त दिसतात.

लिंबला गेले तेव्हा आम्हीही बरोबर होतो. तिथल्या शेरीत बारा मोटेची विहीर आहे. नाव बारा मोटेची, पण मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत असे सांगतात. विहिरीची खोली सुमारे 110 फूट. जिन्याने खाली उतरले की आत चक्क महाल आहे! दगडी खांब, कमानी, भिंतीवर कोरलेली जनावरे. बाहेर रणरणते ऊन, आणि आत माठाशेजारी बसल्यासारखा गारवा.

मोट कशी चालायची हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. आबांनी लहानपणी मोट हाकली होती. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला दोन दोर. वरचा जाड तो नाडा, खालचा बारीक तो सोंदूर. विहिरीच्या काठापासून जमीन उतरती केलेली असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून उतरणीला लागले की भरलेली मोट वर येते, आणि थारोळ्यात पाणी ओतते. बैल मागे सरकत आले की मोट पुन्हा विहिरीत. उतरणीमुळे बैलांच्या ताकदीला त्यांच्या वजनाची जोड मिळते, यात सगळी युक्ती आहे. आबा हे सांगत होते तेव्हा पुण्याहून आलेली कॉलेजची पोरे भोवती जमली. पाटकऱ्याचे बोलणे इतके मन लावून पूर्वी कोणी ऐकले नसेल.

आक्का मात्र एका शिलालेखापुढे उभ्या होत्या. अक्षरे जुन्या वळणाची, ती सगळी लागेनात. पण वीरूबाई भोसले यांनी ही विहीर शके 1641 ते 1646 या काळात बांधली, हे तिथल्या माणसाने सांगितले. वीरूबाई शाहू महाराजांच्या राजघराण्यातल्या. आक्का म्हणाल्या, "म्हणजे शिवाजीमहाराज लहान होते तेव्हाची विहीर का?" पोरांपैकी एकजण म्हणाला, "हो आजी, सोळाशे एक्केचाळीस."

इथे पुष्कळ जण चुकतात. छापलेल्या मजकुरातही ही चूक दिसते. शके म्हणजे इसवी सन नव्हे. शके सालात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो. 1641 अधिक 78, म्हणजे 1719. आणि 1646 अधिक 78, म्हणजे 1724. शाहू महाराजांचा जन्मच 1682 चा. मग त्यांच्या घराण्यातल्या बाईंनी 1641 साली विहीर कशी बांधली असेल? आक्कांनी तिथेच पायरीवर बसून बोटाने धुळीत बेरीज केली. उत्तर आले तेव्हा त्यांनी त्या पोराला हाक मारली. तोही बिचारा मोकळ्या मनाचा, त्याने लगेच मोबाईलवर टिपून घेतले.

आता एस.टी. स्टँडची गोष्ट. पूर्वी गाडीची पाटी आबा वाचायचे, तिकीट आबा काढायचे. आक्का मागून चढायच्या. वर्गात आम्ही त्यांना पाट्या वाचायला शिकवले. नवशिक्याची खोड अशी, की पहिले अक्षर लागले की पुढचे तो अंदाजाने म्हणतो. साताऱ्याच्या स्टँडवर ते चालत नाही. वाई, वडूज, वाठार, तिन्ही 'व' ची गावे, आणि तिन्ही वेगळ्या दिशांना. कराड, कोरेगाव, कास, कोल्हापूर, सगळी 'क' ची. म्हणून पाटी पुरी वाचावी. पाटीवर मधली गावेही लिहिलेली असतात, तीही वाचावीत. आक्का वाचू लागल्या, तरी आबा जवळ असले की त्या गप्पच. "ते हायेत की," असे म्हणायच्या. ही 'ते आहेत की' ची सवय फार वाईट.

एका गुरुवारी ते वाईजवळ मेणवलीला गेले. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेवर सुरेख घाट आहे. घाटावरच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगली आहे. 1739 साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांना दिल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे.

घंटा बघता बघता दीड वाजला. आबांना मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली होती, पण गाडी चुकेल म्हणून न्याहारी अर्धीच केली होती. घाटाच्या पायरीवर त्यांना दरदरून घाम फुटला. हात कापू लागले. आणि एरवी शांत असलेला माणूस पिशवीच्या बंदावरून आक्कांवर ओरडायला लागला. शब्दही जड यायला लागले.

वाचकहो, हे नीट लक्षात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेतले, आणि वेळेवर पोटात अन्न गेले नाही, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, भूक, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात घोटाळा, ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बरे वाटले की भाकरी, पोळी, काहीतरी खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखर नाही, पाणीही नाही. त्याला कुशीवर वळवावे आणि 108 नंबर लावून रुग्णवाहिका बोलवावी.

आक्कांच्या बटव्यात साखरेची पुडी होती. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती त्यांनी कधी काढली नव्हती. साखरपाणी पोटात गेले, आणि थोड्या वेळाने आबा विचारू लागले, "मी काय बोललो का गं?" मग दोघांनी तिथेच भाकरी खाल्ली. आक्कांनी रिक्षा ठरवली. वाईत डॉक्टरांना दाखवले. नंतर स्टँडवर आबांना बाकावर बसवून त्या एकट्या पाट्या वाचत फिरल्या. साताऱ्याची गाडी शोधली, पुढची जागा धरली, एक शून्याचे आणि एक अर्धे अशी दोन तिकिटे काढली. जन्मात पहिल्यांदा आबा त्यांच्या मागून गाडीत चढले.

मुलाला कळले तेव्हा तो रागावला. त्याचे काय चुकले? भीती वाटली की माणूस रागावतो. "बास झालं हे गुरुवारचं," तो म्हणाला. "काही झालं असतं म्हणजे?"

आक्का म्हणाल्या, "घरात झालं असतं, तर मी काय केलं असतं? हेच की! मग आम्ही घरात बसून काय मिळवायचं?"

मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हिंडायला मनाई केली नाही. उपाशी हिंडायला केली. गोळीची आणि जेवणाची वेळ त्यांनी कागदावर लिहून दिली. आता दोघांच्याही खिशात एकेक चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, आजार, गोळ्यांची नावे आणि मुलाचा फोन नंबर. कुठे जाणार आणि कोणत्या गाडीने परतणार, हे शेजारी सांगून जातात. शेवटच्या गाडीवर अवलंबून राहत नाहीत, तिच्या आधीची धरतात. आणि येतानाचे सगळे आक्कांनी बघायचे, असे ठरले आहे. पाटी, तिकीट, कंडक्टरला विचारणे, सगळे. आबा तोंडाला कुलूप लावून बसतात. त्यांना ते जड जाते.

मागे एकदा आक्कांची पाळी आली तेव्हा त्यांनी भिलारचे नाव सांगितले. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना फाट्यावरून आत हे गाव लागते. गाव स्ट्रॉबेरीचे. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचेही गाव झाले आहे. शासनाने तिथल्या घरांत, देवळांत, शाळेत मराठी पुस्तके ठेवली आहेत. कोणीही जावे, बसावे, वाचावे. पैसे पडत नाहीत.

दोघे एका घराच्या पडवीत बसले. घरच्या बाईने पाणी दिले. आबा पाच मिनिटांत खुर्चीवर डुलक्या घेऊ लागले. आक्कांनी मोठ्या टाइपातले एक गोष्टींचे पुस्तक उचलले. दोन तासांत अकरा पाने झाली. गाडीची वेळ झाली तेव्हा गोष्ट ऐन रंगात आली होती. आक्कांनी पुस्तकाचे नाव आणि पानाचा आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून घेतला. पुढच्या गुरुवारी पाळी आबांची होती. त्यांनी भिलारचेच नाव घेतले.