गंगाखेड : एका स्थलनामाचा अर्थविचार

स्थलनामे ही प्रादेशिक इतिहासाची महत्त्वाची साधने होत. परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गंगाखेड हे नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. यातील ‘गंगा’ म्हणजे उत्तरेकडील भागीरथी नव्हे. मराठवाड्यात गोदावरीलाच गंगा व तिच्या काठच्या प्रदेशास गंगथडी म्हणतात. ‘खेड’ हा शब्द संस्कृत ‘खेट’पासून आला असून, जैन ग्रंथांत मातीच्या तटाने वेढलेल्या वस्तीस ‘खेट’ म्हटले आहे. आजच्या मराठीत मात्र ‘खेडे’ म्हणजे लहान गाव. संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाणारे हे गाव आता नगरपरिषदेचे शहर असले, तरी नावातील ‘खेड’ कायम आहे. म्हणून स्थलनामाचा उलगडा करताना केवळ आजच्या कोशार्थावर विसंबून चालत नाही. स्थानिक बोली व शब्दाचा जुना अर्थ यांचाही विचार करणे आवश्यक ठरते.