अमरोह्याचा चेंडू, कोलकात्याचे मैदान

उत्तर प्रदेशातील अमरोहा जिल्ह्यात सहसपूर नावाचे खेडे आहे. तेथील शेतकरी तौसीफ अली तरुणपणी जलद गोलंदाजी करीत. मोठ्या मैदानावर खेळण्याचा योग त्यांना आला नाही. परंतु त्याचे दुःख उगाळीत न बसता त्यांनी मुलांच्या हाती चेंडू दिला.

त्यांपैकीच मोहम्मद शमी हा १९९० साली जन्मलेला मुलगा. त्याच्या अंगची चपळाई ओळखून वडिलांनी त्याला मुरादाबादेस बद्रुद्दीन सिद्दिकी या शिक्षकांच्या हाती सोपविले. मेहनत झाली, पण राज्याच्या एकोणीस वर्षांखालील संघात त्याची निवड झाली नाही. वाचकहो, कित्येक गुणी मुलांची वाट अशाच ठिकाणी संपते! गुरूंनी मात्र त्याला कोलकात्याची वाट दाखविली.

परके शहर आणि परकी भाषा. ओळख द्यावयाची ती चेंडूनेच. कोलकात्याच्या क्लबांतून खेळत खेळत तो २०१० साली बंगालच्या रणजी संघात पोहोचला. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याचा पहिला कसोटी सामना झाला, तोही ईडन गार्डन्सवर. वेस्ट इंडीजचे ९ बळी त्याने ११८ धावांत टिपले. ज्या शहराने आसरा दिला, त्याच शहराच्या मैदानावर त्याने हे ऋण फेडले.

त्याच्या यशाचे मर्म कशात आहे? चेंडू हातातून सुटतो तेव्हा त्याची शिवण ताठ उभी असते. अशी शिवण जमिनीवर टेकली की चेंडू आत वळेल की बाहेर, याचा अंदाज फलंदाजाला लागत नाही. २०२३ च्या विश्वचषकात, मुंबईच्या उपान्त्य सामन्यात, न्यूझीलंडचे ७ बळी त्याने ५७ धावांत घेतले, ते याच कसबाच्या बळावर.

त्यानंतर घोट्यावर शस्त्रक्रिया झाली व जवळजवळ वर्षभर खेळ थांबला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंदूर येथे तो पुन्हा बंगालकडून उतरला आणि पहिल्याच डावात त्याने ४ बळी मिळविले. त्या संघात त्याचा धाकटा भाऊ मोहम्मद कैफ हाही जलद गोलंदाज म्हणून खेळत होता. तौसीफ अली २०१७ सालीच निवर्तले होते. एकाच सामन्यात आपले दोन पुत्र चेंडू हाती घेऊन धावताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पण त्या दोघांच्या धावेमागे त्यांचाच हात होता, हे कोण नाकारील?