कायदा आला, पिशवी गेली नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. पाणी तुंबण्याची कारणे अनेक. नाल्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या हे त्यांतले एक. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-ग्लास यांवर बंदी घातली. तरीही भाजीवाला पिशवी देतो, कारण आपण ती मागतो.

पूर्वी आपल्याकडे दस्तरखानावर एका थाळ्याभोवती चौघे-पाचजण बसून जेवत. आता वलीमा आटोपला की मैदानात ताटा-ग्लासांचा ढीग उरतो. कोणीतरी तो पेटवतो आणि विषारी धूर शेजारच्या घरांत शिरतो.

आम्ही शिक्षकही वेगळे नाही. वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवतो आणि स्नेहसंमेलनात त्याच ग्लासांतून सरबत वाटतो. मुले धडा विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत.

भांडी घासायला माणूस आणि पाणी लागते, हे खरे. म्हणून दावत ठरवतानाच मंडपाबरोबर स्टीलच्या भांड्यांचे भाडे आणि घासणाऱ्यांची मजुरीही ठरवू या. जुन्या ओढणीची पिशवी शिवून दारामागे टांगू या. कायद्याची अंमलबजावणी तिथून सुरू होते.