कादवाकाठचे निफाड

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी हे गाव लागते. तेथील काळ्या जमिनीत कापूस, तूर, ज्वारी ही पिके डोलतात. द्राक्षांची गाठ मात्र बहुधा बाजारातच पडते. ती द्राक्षे जेथे विपुल पिकतात, त्या मुलखातून वाहणारी गोदावरीच पुढे परभणी जिल्ह्यात गंगाखेडला येते.

नाशिक शहराच्या पूर्वेस सुमारे ३५ ते ४० किलोमीटरांवर, कादवा नदीच्या काठी निफाड हे लहानसे गाव वसलेले आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी येथेच झाला. कादवा सह्याद्रीत उगम पावते, दिंडोरीच्या शिवारातून येते आणि निफाडच्या पुढे नांदूरमध्यमेश्वरजवळ गोदावरीस मिळते. तेथील बंधाऱ्याच्या जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात.

या परिसरात जिकडे पाहावे तिकडे द्राक्षांचे मांडव दिसतात. वेल वर्षातून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलमधील खरड छाटणीने नव्या काड्या फुटतात व त्या उन्हात पक्व होतात. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी होते, तेव्हा त्या काड्यांवरील डोळ्यांतून घड बाहेर पडतात. मग घडांची विरळणी करावयाची, भुरी आणि केवडा या रोगांपासून बाग जपावयाची, आणि पाणी द्यावयाचे तेही मोजून-मापून!

काही बागांतील द्राक्षे खाण्यासाठी नसतात. ती बारीक, जाड सालीची आणि बियांची असून त्यांचा रस आंबवून वाइन हे मद्य तयार करतात. निफाड तालुक्यातील विंचूर येथे या उद्योगासाठी शासनाने स्वतंत्र वसाहत उभारली आहे. फ्रान्समध्ये बोर्दो या मोठ्या शहराजवळ लिबूर्न नावाचे असेच एक गाव दोन नद्यांच्या संगमावर आहे. पूर्वी तेथील मद्याची पिंपे नदीतून नावांनी बाहेर जात. कादवेवर नावांची अशी वर्दळ नाही. तिचे मोल पिकाला मिळणाऱ्या पाण्यात आहे. निफाडची द्राक्षे सडकेनेच मुंबईच्या बंदराकडे जातात आणि शीतपेट्यांतून परदेशी रवाना होतात.

परंतु घड भरू लागले म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तर पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि गार, जड हवा सखल भागात साचते. अशा थंडीत वेलीचे कार्य मंदावते, मण्यांची वाढ खुंटते, गोडी भरत नाही. पिकत आलेले मणी तडकतात. एकदा मणी तडकला, की तो घड व्यापारी घेत नाही. वर्षभराचे कष्ट आणि कर्ज अशा एका पहाटेवर अवलंबून असते.

म्हणून पहाटे तीन-चारच्या सुमारास सारे घर बागेत येते. वेलींच्या ओळींतून ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेहून उबदार असते, म्हणून तेही बागेला सोडतात. धूर मांडवाखाली रेंगाळत राहतो. उजाडले, की शेतकरी एकेक घड हलकेच हातात घेऊन मणी निरखीत ओळीच्या शेवटापर्यंत चालत जातो.